बाटलीतून उडाले, हवेत राहिले

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शहरांच्या हवेविषयीच्या बातम्या मी अनेक वर्षे नेमाने वाचत आले आहे. त्यांत वाहनांचा धूर असतो, कारखान्यांची धुराडी असतात, बांधकामांची धूळ असते आणि अलीकडे पीएम २.५ या सूक्ष्मकणांचा आकडाही आवर्जून दिलेला असतो. या सगळ्याची दखल घेतली जाते हे चांगलेच आहे. परंतु हवा बिघडवणाऱ्यांच्या या यादीतून रसायनांचे एक मोठे कुटुंब सतत सुटते, आणि ते सुटल्यामुळे यादीतल्या इतर गोष्टींचाही अर्थ नीट लागत नाही. बाष्पनशील सेंद्रिय संयुगे, किंवा तंत्रज्ञांच्या रोजच्या बोलीत व्हीओसी, हे त्या कुटुंबाचे नाव. तीस वर्षांहून अधिक काळ शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे या विषयावर सविस्तर लिहिण्याचे धाडस करते आहे. पत्र लांबले तर क्षमा असावी.

वर्गात मी दरवर्षी एक साधा प्रयोग करीत असे. खिडक्या बंद करून, टेबलावर टीपकागद ठेवून त्यावर नखांचा रंग काढण्याच्या द्रवाचे चार थेंब टाकायचे आणि ज्याला वास येईल त्याने हात वर करायचा. पहिल्या बाकावरचे हात लगेच वर जात, मग दुसऱ्या, तिसऱ्या बाकावरचे, आणि मिनिट-दोन मिनिटांत शेवटच्या बाकापर्यंत लाट पोचे. तोवर टीपकागद कोरडा झालेला असे. मी विचारत असे, थेंब कुठे गेले? बहुतेक मुले सांगत, "उडून गेले." त्यावर माझा पुढचा प्रश्न ठरलेला असे: उडून कुठे गेले? खिडकी उघडल्यावर ते वर्गातून गेले, पण हवेतून गेले का? एवढ्या वर्षांत या प्रश्नापाशी मुले हमखास थबकत असत. मोठी माणसेही इथेच थबकतात, किंबहुना इथपर्यंत येतच नाहीत, असे आता वाटू लागले आहे.

साध्या तापमानालाच ज्यांची सहज वाफ होते अशी कार्बनची संयुगे, एवढी ढोबळ व्याख्या आपल्याला पुरेशी आहे. युरोपातील रंगांविषयीच्या २००४ च्या नियमावलीत हीच गोष्ट आकड्यात बांधली आहे: सामान्य दाबाला ज्याचा उत्कलनबिंदू २५० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आहे, ते सेंद्रिय संयुग बाष्पनशील समजायचे. पेट्रोलमधील बेंझीन आणि टोल्युइन, थिनरमधील झायलीन, प्लायवुडच्या गोंदातून सुटणारे फॉर्माल्डिहाइड, लिंबाच्या सालीचा वास देणारे लिमोनीन, झाडांच्या पानांतून बाहेर पडणारे आयसोप्रीन, स्पिरिटमधील अल्कोहोल ही सगळी याच कुटुंबातली. शहराच्या हवेचा नमुना चांगल्या प्रयोगशाळेत तपासला तर अशी शेकडो संयुगे सापडतात. त्यांतली काही निरुपद्रवी असतात आणि काही घातक. बेंझीन आणि फॉर्माल्डिहाइड या दोहोंना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. बेंझीनला तर धोका अजिबात नाही अशी कोणतीही पातळी सांगता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

तथापि ही संयुगे जशी बाहेर पडतात तशीच राहिली असती तर त्यांचा प्रश्न बराच लहान असता. ती तशी राहत नाहीत. हवेत उन्हाच्या साथीने त्यांचे रूपांतर होते, आणि त्या रूपांतरातून जे निर्माण होते ते शहराच्या हवेत बहुधा मूळ पदार्थापेक्षा अधिक त्रासदायक ठरते.

हे कसे उमगले, तो इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९४३ च्या जुलैत अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर असे दाट धुरके उतरले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. हे लंडनसारखे कोळशाच्या धुराचे आणि गंधकाचे धुरके नव्हते, कारण ते थंडीतल्या सकाळी नव्हे तर उन्हाळ्यातल्या स्वच्छ, कडक उन्हात येत असे. कारण शोधताना आधी एका रबर कारखान्यावर संशय घेतला गेला. कारखाना थांबवला तरी धुरके थांबले नाही. पुढे आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने त्यात लक्ष घातले. हे गृहस्थ त्या वेळी अननसाच्या स्वादातील संयुगांचा अभ्यास करीत होते, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या अल्पस्वल्प वाफा पकडून ओळखण्याची कला त्यांच्या हातात होती. त्यांनी दाखवून दिले की पेट्रोलच्या न जळलेल्या वाफा आणि इंजिनांतून बाहेर पडणारी नायट्रोजनची ऑक्साइड्स यांच्यावर ऊन पडले की जमिनीलगतच्या हवेत ओझोन तयार होतो. हा ओझोन मोजण्याची त्या काळची एक पद्धत मला फार आवडते. वाकवून ताणलेली रबराची पट्टी हवेत ठेवायची आणि तिला किती मिनिटांत भेगा पडतात ते पाहायचे. ओझोन रबराच्या रेणूंमधील दुहेरी बंध तोडतो. जी हवा रबराला अशा भेगा पाडते, ती फुप्फुसाच्या नाजूक पडद्याला सोडत नाही.

यामागचे रसायन इतके सुंदर आहे की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि धोरणातल्या पुष्कळ चुका ते न समजल्यामुळेच होतात. नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडले की त्यातून ऑक्सिजनचा एक अणू सुटतो. तो हवेतील ऑक्सिजनच्या रेणूला चिकटला की ओझोन होतो. मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड मात्र तोच ओझोन फोडून पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. म्हणजे जितका ओझोन झाला तितका गेला, हिशेब बरोबर. मग ओझोन साठतो कसा? इथे आपली बाष्पनशील संयुगे येतात. हवेतील हायड्रॉक्सिल हा अतिशय क्रियाशील मूलक, म्हणजे दुसऱ्याशी जोडले जाण्यासाठी आसुसलेला रेणूचा तुकडा, या संयुगांवर तुटून पडतो आणि त्यातून जे नवे मूलक तयार होतात ते नायट्रिक ऑक्साइडला ओझोनची मदत न घेता परस्पर नायट्रोजन डायऑक्साइड बनवतात. ओझोन फोडण्याचे काम ज्याने करायचे तोच आधी दुसरीकडे गुंतला, त्यामुळे ओझोन वाढत जातो आणि दुपारी त्याची पातळी सर्वांत वर पोचते. वारा असेल तर हा ओझोन वाहने जिथे धावतात तिथे न वाढता काही तासांनी, काही मैलांवर, एरवी मोकळ्या हवेच्या समजल्या जाणाऱ्या उपनगरात आणि शेतांवर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने ओझोनसाठी आठ तासांच्या सरासरीला १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा सुचवली आहे. उन्हाळ्यात जगातील कितीतरी शहरे ती ओलांडतात.

याच रसायनातून एक गोष्ट निघते जी सामान्य वाचकाला गोंधळात टाकते. वाहने कमी झाली की ओझोन कमी झालाच पाहिजे असे नाही. दाट वस्तीच्या शहरांत नायट्रोजनची ऑक्साइड्स भरमसाट असतात आणि ती काही प्रमाणात ओझोन खाऊनही टाकतात. अशा ठिकाणी फक्त तीच कमी केली आणि बाष्पनशील संयुगे तशीच सोडली तर ओझोन घटण्याऐवजी वाढू शकतो. मालमोटारींची वाहतूक कमी असलेल्या शनिवार-रविवारी ओझोन जास्त असतो, हे लॉस एंजेलिसमध्ये फार पूर्वीच दिसून आले होते. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले, नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने उतरला, आकाश निवळले, आणि त्याच काळात जगातील अनेक शहरांत ओझोन मात्र चढला. "वाहने बंद करूनही प्रदूषण वाढले, म्हणजे वाहनांचा दोष नव्हताच," असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. दोन घटकांच्या वादात एकालाच आवरले तर काय होते, एवढेच त्यातून दिसते. दोघांनाही एकत्र आवरावे लागते, आणि त्यासाठी दुसऱ्या घटकाचे उगम माहीत असावे लागतात.

ओझोन हे एकच अपत्य नव्हे. हीच संयुगे हवेत ऑक्सिजन घेत घेत जड होत जातात, त्यांची उडून राहण्याची शक्ती कमी होते आणि शेवटी ती सूक्ष्मकणांवर जाऊन बसतात किंवा स्वतःच कण बनतात. ज्या पीएम २.५ चा आकडा आपण रोज छापता, त्यातला लक्षणीय भाग कोणत्याही धुराड्यातून कण म्हणून बाहेर पडलेलाच नसतो. तो वाफ म्हणून निघतो आणि आकाशात कण होतो. रस्ते झाडून आणि पाण्याचे फवारे मारून हा भाग कमी होणार नाही.

आता उगमांकडे येते. पेट्रोल हा पहिला आणि सर्वांच्या ओळखीचा उगम. पण त्यातही लोकांच्या डोळ्यांपुढे फक्त धूर सोडणारी नळी असते. पेट्रोल न जळताही अनेक ठिकाणी उडते. टँकरमधून भूमिगत टाकीत ते ओतले जाते तेव्हा टाकीतली वाफेने भरलेली हवा बाहेर ढकलली जाते. गाडीत भरताना तेच पुन्हा घडते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीची टाकी तापली की तीही श्वास सोडते. पंपावर दुपारच्या उन्हात नोझलच्या तोंडाशी नीट पाहिले तर तापलेल्या तव्यावरच्या हवेसारखी तिथली हवा थरथरताना दिसते, आणि तिची सावली गाडीच्या पत्र्यावर धुरासारखी हलते. ते थरथरणे उष्णतेचे नसून पेट्रोलच्या वाफेचे असते. नोझल हातात धरून दिवसभर उभा राहणारा कामगार ती वाफ दिवसभर घेतो. ही वाफ परत टाकीत ओढून घेणारी यंत्रणा काही नवीन किंवा अगम्य नाही. दुहेरी नळी आणि झाकपट्टी एवढ्यावर ती चालते, आणि बऱ्याच देशांत ती कित्येक दशके वापरात आहे. जिथे ती बसवली आहे तिथे ती चालू आहे की नुसतीच लटकलेली आहे, हे तपासण्याचा मात्र सगळीकडेच आळस दिसतो.

वाहनांच्या बाबतीत मोठे यश मिळालेले आहे, हेही सांगितले पाहिजे. १९७५ पासून अमेरिकेत नव्या गाड्यांना धुरातल्या न जळलेल्या वाफा मोडून टाकणारी उत्प्रेरक नळकांडी बसू लागली, त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले, टाकीतल्या वाफा शोषून धरणारे कोळशाचे डबे तर त्याआधीच आले होते. परिणामी लॉस एंजेलिसच्या हवेतील वाहनजन्य बाष्पनशील संयुगांची पातळी १९६० ते २०१० या पन्नास वर्षांत सुमारे पन्नासपट खाली आली, आणि तीही इंधनाचा खप जवळजवळ तिपटीने वाढलेला असताना. हवा सुधारत नाही असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण देते.

परंतु वाहनांचा वाटा असा खाली येताच त्याच्या मागे दडलेले दुसरे उगम उघडे पडले. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की औद्योगिक देशांतील शहरांत खनिज तेलापासून आलेल्या बाष्पनशील संयुगांपैकी जवळपास निम्मी आता रंग, छपाईची शाई, चिकटद्रव्ये, कीटकनाशके, साफसफाईची द्रव्ये आणि अंगाला लावायची प्रसाधने यांतून येतात. लोक इंधन वापरतात ते वजनाने या वस्तूंच्या कितीतरी पट. मग हे कसे? उत्तर अगदी सरळ आहे. इंधन हे जाळण्यासाठी असते, आणि चांगल्या इंजिनात त्याचा फार थोडा अंश न जळता सुटतो. रंगातले द्रावक मात्र उडून जाण्यासाठीच घातलेले असते. ते उडाले नाही तर रंग वाळणार नाही, शाई पुसली जाईल, गोंद धरणार नाही, अत्तराचा वास येणार नाही. म्हणजे बाटलीतल्या द्रावकाचा जवळजवळ प्रत्येक थेंब हवेत जाण्याच्या वाटेवरच असतो. माझ्या टीपकागदावरच्या चार थेंबांचे तेच झाले होते, फरक फक्त प्रमाणाचा. लाखो घरे आणि हजारो कार्यशाळा रोज हा प्रयोग करीत असतात, आणि त्या सगळ्यांच्या खिडक्या एकाच आकाशात उघडतात.

याचा एक पुरावा मला विशेष बोलका वाटतो. डिओडरंट आणि केसांच्या प्रसाधनांमध्ये डी५ नावाचे सिलिकॉनयुक्त संयुग सर्रास असते. अमेरिकेतील बोल्डर आणि कॅनडातील टोरांटो या शहरांत हवेचे मापन केले तेव्हा ते सकाळी, लोक आवरून कामाला निघण्याच्या वेळी, सर्वांत जास्त आढळले आणि दिवसभरात उतरत गेले. या संयुगाचा धोका मोठा आहे असे मी सुचवत नाही. पण एका शहराची सकाळची अंघोळ त्या शहराच्या हवेत मोजता येते, एवढी ही यंत्रे सूक्ष्म आहेत आणि एवढे आपण हवेत सोडत असतो. छापखान्यात रूळ आणि प्लेट पुसण्यासाठी वापरली जाणारी द्रावकेही याच यादीत बसतात, हे आपणास वेगळे सांगायला नको.

डांबराचाही उल्लेख केला पाहिजे. रस्ता करताना येणारा वास सर्वांना ठाऊक असतो, परंतु रस्ता झाल्यावर ते प्रकरण संपले असे आपण धरून चालतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की डांबराचे तापमान ४० अंशांवरून ६० अंशांवर नेले की त्यातून निघणाऱ्या सेंद्रिय वाफा दुप्पट होतात, आणि त्यावर मध्यम ऊन पाडले तर त्या तिपटी-चौपटीपर्यंत वाढतात. उन्हाळ्यात काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांना सहज पोचतो. ज्या दिवशी ओझोन तयार व्हायला हवा सर्वांत अनुकूल असते, नेमक्या त्याच दिवशी रस्ताही अधिक वाफ सोडतो.

आता झाडांविषयी. हा मुद्दा टाळला तर कोणीतरी तो चुकीच्या हेतूने पुढे आणतो, म्हणून मीच मांडते. झाडेही बाष्पनशील संयुगे सोडतात, आणि थोडीथोडकी नाहीत. एकट्या आयसोप्रीनचे जागतिक उत्सर्जन वर्षाला सुमारे ५० कोटी टन आहे, म्हणजे माणसाने सोडलेल्या अशा सर्व संयुगांपेक्षा पुष्कळ अधिक. दूरच्या डोंगरांवर दिसणारी निळसर धूसरता झाडांनी सोडलेल्या या वाफांपासून बनते, असे फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६० मध्येच मांडले होते. ओक, पॉप्लर, निलगिरी यांसारखी झाडे ऊन आणि उष्णता वाढली की अधिक आयसोप्रीन सोडतात. मग प्रदूषण झाडेच करतात का? नाही. नायट्रोजनची ऑक्साइड्स जवळजवळ नसलेल्या अरण्यात या आयसोप्रीनपासून ओझोन साठत नाही. शहरात ती ऑक्साइड्स आपण आणून ठेवली आहेत, म्हणून झाडाचा श्वासही तिथे ओझोनच्या कामी येतो. झाडांच्या वाफा आपण थांबवू शकत नाही आणि थांबवूही नयेत. त्यामुळे जे आपल्या हातात आहे त्याचीच कसून काळजी घेणे भाग आहे. शहरात नवी झाडे लावताना कमी वाफ सोडणाऱ्या जाती निवडाव्यात, एवढे जरूर करता येईल. झाडे तोडण्याचे समर्थन म्हणून हे रसायन वापरणाऱ्यांना मात्र ठामपणे अडवले पाहिजे. सावली देऊन झाड जो रस्ता थंड ठेवते, त्या रस्त्याच्या डांबराचा हिशेबही त्यांनी धरावा.

घराच्या आतली हवा हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे, तरी एक अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी घरात तान्हे बाळ येणार म्हणून आम्ही हौसेने एक खोली रंगवून घेतली आणि तिथे प्लायवुडचे नवे कपाट केले. रंगाच्या डब्यावर 'कमी वासाचा' असे ठळक छापले होते. वास खरोखर कमी होता, म्हणून चौथ्या दिवशी खिडक्या लावून घेतल्या. पाचव्या दिवशी त्या खोलीत झोपलेल्या माझ्या सुनेचे डोळे लाल झाले आणि डोके दुखू लागले. कपाटाचे दार उघडले की नाकात झिणझिण्या येत. तो रंग नव्हता, प्लायवुडच्या थरांमधील गोंद होता. युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून बनवलेली राळ दमट आणि उबदार हवेत हळूहळू मोडत राहते आणि महिनोन् महिने फॉर्माल्डिहाइड सोडत राहते. हे मी वर्गात शिकवलेले होते, आणि तरीही कपाट करताना सुताराला कडा बंद करून घ्यायला सांगण्याचे मला सुचले नाही, याची आजही चुटपुट लागते. आम्ही ते कपाट उघड्या गच्चीवर तीन महिने ठेवले. बाळाला त्या खोलीत नेले ते त्यानंतरच. फॉर्माल्डिहाइडसाठी जागतिक आरोग्य संघटनेची घरातील मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीला ०.१ मिलिग्रॅम प्रति घनमीटर एवढी आहे. आमच्या खोलीत किती होते कोणास ठाऊक, कारण ते मोजण्याची सोय सामान्य घराला नाही. बाजारात मिळणारी छोटी यंत्रे सर्व संयुगांचा मिळून एक आकडा दाखवतात, आणि त्यांना स्पिरिट व फॉर्माल्डिहाइड यांतला फरक कळत नाही.

वास लपवण्यासाठी मारलेले सुगंधी फवारे तर या दुखण्यावर मीठ चोळतात. लिंबाचा किंवा पाइनचा वास देणारी लिमोनीन व पाइनीन ही संयुगे खिडकीतून आलेल्या ओझोनशी लगेच अभिक्रिया करतात, आणि त्यातून पुन्हा फॉर्माल्डिहाइड व सूक्ष्मकणच तयार होतात. ओझोन सोडून हवा शुद्ध करतो असे सांगणारी यंत्रे अशा खोलीत लावणे याहून वाईट.

डब्यावरच्या शब्दांबद्दल मला गंभीर तक्रार आहे. 'कमी वासाचा' याचा अर्थ कमी बाष्पनशील असा होत नाही, कारण वास आणि घातकता यांचा संबंध फार दुबळा आहे. 'पाण्यात मिसळलेला रंग' हा टर्पेंटाइनवाल्या रंगापेक्षा निश्चित बरा, तरी त्यातही थर नीट बसावा म्हणून ग्लायकॉलसारखी द्रावके असतात. आणि 'व्हीओसी कमी' हे लेबल काही ठिकाणी केवळ ओझोनच्या दृष्टीने दिले जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९५ मध्ये अ‍ॅसिटोनला आपल्या व्याख्येतून वगळले, कारण ते ओझोन फार कमी बनवते. हवेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पण बंद खोलीत रंगकाम करणाऱ्या माणसाच्या डोक्याला तो निर्णय ठाऊक नसतो. ग्राहकाला प्रति लिटर किती ग्रॅम बाष्पनशील पदार्थ आहे आणि तो कोणता आहे, हे दोन्ही वाचता येईल अशा अक्षरांत छापलेले हवे. औषधावर आपण घटक छापतो, खाद्यपदार्थावर छापतो. जे पोटात जात नाही पण श्वासातून जाते, त्याला सूट का असावी?

या सगळ्यात सर्वांत जास्त झळ ज्यांना बसते त्यांचे नाव कोणत्याही निर्देशांकात येत नाही. इस्तंबूलमध्ये पादत्राणे बनवणारे कामगार बेंझीनयुक्त गोंद वापरत, आणि त्यांच्यात रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे १९७० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले. त्या गोंदातून बेंझीन काढण्यासाठी बऱ्याच ठिकाणी हेक्झेन आणले गेले, तर त्याने हातापायांच्या नसा बधिर होऊ लागल्या. एक द्रावक काढून दुसरे घालताना त्याची पुरती चौकशी केली नाही तर काय होते, ते या कामगारांनी आपल्या शरीराने सांगितले आहे. रंगारी, पॉलिश करणारे, गाड्यांचे पत्रे रंगवणारे, कपड्यांची ड्राय क्लीनिंग करणारे, पंपावरचे कामगार ही माणसे शहराच्या हवेचा सर्वांत दाट घास घेतात. नाकावर बांधलेल्या रुमालाने धूळ अडते, वाफ अडत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाची गाळणी असलेला मुखवटाच लागतो आणि ती गाळणी वेळेवर बदलावी लागते. हे त्यांना सांगणे आणि पुरवणे, दोन्ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे.

हवा मोजणाऱ्या यंत्रणांकडे माझे मागणे असे की निवडक केंद्रांवर तरी बेंझीन, टोल्युइन, झायलीन आणि फॉर्माल्डिहाइड यांचे नियमित मापन व्हावे आणि ते आकडे लोकांना पाहता यावेत. जगातील बहुतेक देशांच्या हवा गुणवत्ता निर्देशांकात या संयुगांना स्थानच नाही. शिवाय टोल्युइन आणि बेंझीन यांचे परस्पर प्रमाण पाहून हवेतली वाफ वाहनांची की द्रावकांची, याचा अंदाज जाणकारांना बांधता येतो. म्हणजे मापन केले तर आरोपीही बराचसा ओळखता येतो, आणि मग सगळा दोष एकाच धंद्यावर ढकलण्याची वेळ येत नाही.

आपणाकडेही एक विनंती आहे. हवेचा दिवसाचा एकच सरासरी आकडा देण्याऐवजी, उन्हाळ्याच्या दिवसांत तरी दुपारचा ओझोनचा आकडा वेगळा द्यावा. सकाळी फिरायला जाणाऱ्याला सूक्ष्मकणांची चिंता असते, तर दुपारी मैदानावर खेळणाऱ्या मुलांना ओझोनची. सरासरीत ही दोन्ही माणसे हरवतात. दम्याच्या मुलाला खेळाचा तास कोणत्या वेळी द्यावा, हे शिक्षकाला त्या एका आकड्यावरून ठरवता येईल.

शेवटी माझ्या जुन्या पेशातल्या सहकाऱ्यांसाठी. शाळा रंगवायच्या असतील तर मोठी सुट्टी लागताच रंगवाव्यात, उघडण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे. नवी बाके आणि कपाटे आली तर ती आधी काही आठवडे मोकळ्या व्हरांड्यात उघडी ठेवावीत आणि मगच वर्गात न्यावीत. माझ्या शेवटच्या वर्षी आम्ही असे केले होते, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी वर्गात फक्त खडूचा वास येत होता.

आपली नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका